चिमुकल्या हातांची अलिफ-बा आणि ग-म-भ-न

मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाहचा छोटेखानी कार्यक्रम करण्याची रीत आपल्याकडील अनेक कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ती प्रथा आहे, सुन्नत नव्हे. तरीही तिच्यामागील भावना सुंदर आहे. मुलाच्या ज्ञानार्जनाचा आरंभ अल्लाहच्या नावाने व आनंदात व्हावा, एवढाच तिचा हेतू. पुष्कळ घरांत मात्र हा आनंद दुसऱ्याच दिवशी ओसरतो. मुलाच्या हाती पेन्सिल दिली जाते आणि ‘पानभर अलिफ काढ’, ‘पानभर ग गिरव’ असा हुकूम सुटतो. मूल रडते, आई वैतागते, वडील डोळे वटारतात. ज्या लेखणीचा उल्लेख अल्लाहने पहिल्याच दिव्य प्रकटनात (सूरह अल-अलक) आपल्या कृपेच्या संदर्भात केला, तिचीच धास्ती बालमनात बसते.

लेखनविद्येची थोरवी इस्लामने किती मानली, हे बद्रच्या युद्धानंतरच्या घटनेवरून कळते. ज्या कैद्यांकडे मुक्तिधन नव्हते, पण ज्यांना लिहिता येत होते, त्यांनी अन्सारांच्या मुलांना लेखन शिकवावे, हेच त्यांचे मुक्तिधन ठरले. पण थोरवी मानणे वेगळे आणि घाई करणे वेगळे. श्रद्धेनंतरचे सर्वांत मोठे कर्तव्य म्हणजे नमाज; तिचा आदेशदेखील मुलांना सातव्या वर्षी द्यावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. त्यापूर्वी मूल वडिलांशेजारी उभे राहते, सजद्याची नक्कल करते, मध्येच पळून जाते. त्याला कोणी जाब विचारत नाही. नमाजबाबत एवढी सवड असेल, तर चार वर्षांच्या जिवाकडून पानभर सुवाच्य अक्षराचा आग्रह कशासाठी? हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका लहानशा पक्ष्याशी खेळत असे. प्रेषित (स.) त्याच्याशी त्या पक्ष्याविषयीच बोलत, तेही यमक जुळवून. मुलाच्या खेळात शिरून बोलण्याची ही रीत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेली आहे.

आता हाताचा विचार करू. साधारणतः तिसऱ्या वर्षी मूल उभी रेघ व गोल काढू लागते, चौथ्याच्या सुमारास फुली, त्यानंतर चौकोन, आणि त्रिकोण पाचव्याच्या आसपास. आपल्या ‘क’मध्ये उभी रेघ आहे, दोन बाजूंना दोन वळणे आहेत आणि वर आडवी रेघ. हे सर्व एकत्र आणण्याआधी बोटांत बळ यावे लागते. ते वहीतून येत नाही. कणकेचे गोळे करणे, मटार सोलणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे, ही सारी लेखनाचीच पूर्वतयारी होय. लांब पेन्सिलीऐवजी खडूचा लहान तुकडा द्यावा. तो मुठीत धरून लिहिताच येत नाही, बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो.

महाराष्ट्रात पूर्वी मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढीत. ही युक्ती आजही उत्तम आहे. परातीत बारीक रवा किंवा चाळलेली वाळू पसरावी आणि बोटाने अक्षर काढू द्यावे. चुकले तर परात हलवली की चूक नाहीशी! खोडरबराने भोके पडलेल्या कागदाची लाज येथे नाही. एक पथ्य मात्र पाळावे. परात जमिनीवर न ठेवता चौरंगावर ठेवावी आणि तिच्यात सुटी अक्षरेच काढावीत. आयती किंवा अल्लाहचे नाव अशा खेळात आणू नये.

अक्षरांची कुटुंबे ओळखणे हा मुलांचा आवडता खेळ होऊ शकतो. कणकेची एक होडी करावी. खाली एक चिंचोका ठेवला की ‘बा’, वर दोन ठेवले की ‘ता’, वर तीन ठेवले की ‘सा’. होडी तीच, फक्त प्रवासी बदलले. तसेच फुगलेल्या पोटाच्या ‘हा’चे: पोटात चिंचोका गेला की ‘जीम’, डोक्यावर बसला की ‘खा’. (चिंचोके मोजून द्यावेत व मोजून परत घ्यावेत, मुले ते नाकात घालतात.) देवनागरीतही ‘व’च्या पोटात तिरपी रेघ मारली की ‘ब’ होतो. आपल्या बालवाड्यांत ‘अ आ इ’ऐवजी ‘ग म भ न’पासून आरंभ करतात, त्यामागेही वळणांचे हेच नाते आहे. खेळ संपल्यावर कणीक टाकू नये, हे सांगायला नकोच. हात आधीच धुतलेले असले, तर त्याच होडीची पोळी व्हावी.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच आहे. सकाळी बालवाडीत लेखन डावीकडून उजवीकडे, संध्याकाळी मक्तबमध्ये उजवीकडून डावीकडे. मोठ्यांनाही हे चमत्कारिक वाटेल. यासाठी दोन लिप्यांच्या दोन पाट्या ठेवाव्यात. मराठीच्या पाटीवर डाव्या कडेला आणि अरबीच्या पाटीवर उजव्या कडेला हिरवा ठिपका द्यावा: येथून गाडी सुटते. शक्य असल्यास एका बैठकीत एकच लिपी घ्यावी. तरीही मूल एखादे अक्षर आरशातल्यासारखे उलटे काढील. सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्वसाधारण आहे. त्याला वेंधळेपणा म्हणू नये, आणि मक्तबच्या उस्तादांनाही ही गोष्ट अदबीने सांगून ठेवावी.

डावखुऱ्या मुलांविषयी थोडे. उजव्या हाताने जेवण्याची सुन्नत त्यांना प्रेमाने लावावी. पण डाव्या हातातला खडू हिसकावून घेतल्याने अक्षर सुधारत नाही, केवळ मूल खडूपासून दूर जाते.

एका वेळी दहा मिनिटे पुरेत. मूल मध्येच उठून गेले, तर हाक मारून परत बसवू नये. परातीवर झाकण घालून ती चौरंगावरच राहू द्यावी. पुष्कळदा तेच मूल जेवणानंतर आपण होऊन झाकण उघडते.