हृदयाला गप्प करणारा ताईत

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हिरव्या जास्पर दगडाचा एक भुंगेरा आहे. लांबी चार सेंटीमीटरसुद्धा नाही. तोंड मात्र माणसाचे, आणि बैठक सोन्याच्या पत्र्याची. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी इजिप्तच्या सोबेकेमसाफ राजासाठी हा ताईत घडवला गेला.

शेणाचा गोळा ढकलत नेणारा हा किडा. आपण तो दिसला की पाय बाजूला घेतो; इजिप्तच्या लोकांना त्यात सूर्याचा गोळा आकाशातून ढकलणारा खेप्री देव दिसला.

ममी आपल्याकडे बडोदा, कोलकाता, हैदराबाद इथल्या संग्रहालयांत आहेत. ममी करताना मेंदू पुष्कळदा नाकावाटे काढून टाकत, पण हृदय शरीरातच ठेवत. बुद्धी, आठवणी, बरीवाईट कर्मे हृदयात साठतात अशी त्यांची समजूत होती. मेल्यावर ओसायरिस देवाच्या दरबारात एका पारड्यात हे हृदय आणि दुसऱ्यात सत्याची देवता मआत हिचे पीस ठेवत. हृदय जड भरले, तर मगरीच्या तोंडाची अम्मित ते खाऊन टाकी.

यासाठीच हा ताईत! त्यावर कोरलेल्या मंत्रात मेलेला माणूस स्वतःच्याच हृदयाला विनवतो, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. हे वाचून मी थबकलो. एवढा राजा, पण भीती स्वतःच्या हृदयाची. फॉलइनमध्ये "कोणी केलं?" असा प्रश्न आला की ज्याने केले त्याचीच छाती धडधडते, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

पुढे इ.स.पू. ११०० च्या सुमारास, नवव्या रामसेसच्या राज्यात, थडगी फोडणारी टोळी पकडली गेली. अमेनपनेफर नावाच्या पाथरवटाचा जबाब पपायरसवर अजून वाचता येतो. सोबेकेमसाफ राजाच्या ममीच्या गळ्यातले ताईत आणि सोने काढून घेतले, शवपेट्या जाळल्या, असे तो सांगतो. राजाराणीचे मिळून सोने भरले १६० देबेन, म्हणजे सुमारे साडेचौदा किलो. आठ जणांत प्रत्येकी २० देबेन. त्या नावाचे दोन राजे होऊन गेले, त्यामुळे आपला भुंगेरा त्याच थडग्यातला का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

जबाबात आणखी एक गोष्ट आहे. अमेनपनेफर आधीही पकडला गेला होता. तेव्हा आपला २० देबेनचा वाटा एका अधिकाऱ्याला देऊन तो सुटला, साथीदारांनी त्याची भरपाई करून दिली आणि सगळे पुन्हा थडगी फोडायला लागले. हे सारे त्याने काठ्यांचा मार खाल्ल्यावर सांगितले.