नव्या दुर्बिणीचा नेम

प्रश्न : मी अमेरिकेत वायोमिंग राज्यात राहतो. हरणाच्या शिकारीसाठी घेतलेल्या '३०-०६' रायफलीवर नवी दुर्बीण बसविली. परंतु १०० यार्डांवर गोळी कागदालाही लागत नाही. काय करावे?

उत्तर : एकदम १०० यार्डांपासून आरंभ करणे हेच आपल्या तक्रारीचे मूळ दिसते. प्रथम दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू घट्ट असल्याची खातरजमा करावी, कारण ते सैल असता पुढील सारा खटाटोप व्यर्थ होय. मग रायफल रिकामी करून, तिचा बोल्ट काढून, ती वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी आणि २५ यार्डांवरील लक्ष्याचा मध्य नळीतून पाहत, रायफल तसूभरही न हलविता, दुर्बिणीची फुली त्याच मध्यावर आणावी. इतके साधले की पहिली गोळी बहुधा कागदावर उमटते.

यापुढील हिशेब सरळ खरा, पण पुष्कळांचा तो येथेच चुकतो : बहुतेक अमेरिकी दुर्बिणींच्या चकतीची एक टिचकी गोळीस १०० यार्डांवर पाव इंच सरकविते, २५ यार्डांवर मात्र केवळ एक षोडशांश इंच, म्हणून तेथे इंचभर दुरुस्तीस १६ टिचक्या लागतात. एकाच गोळीवर विसंबून चकती फिरविणे हा निव्वळ उतावळेपणा; तीन गोळ्यांच्या समूहाचा मध्य प्रमाण मानावा व मध्यंतरी नळी निवू द्यावी. नंतर १०० यार्डांवर तो समूह मध्याच्या सुमारे दोन इंच वर आणिला असता आपल्या रायफलीचा नेम २०० यार्डांच्या आसपास बरोबर बसतो. काडतुसे मात्र शिकारीत वापरावयाची तीच घ्यावीत. गोळीचे वजन बदलल्यास नेम पुन्हा तपासावा.