सहकाऱ्यांचा परिचय व संघभावना

बदलून आलेला शिक्षक हजेरीपत्रकावर सही करतो त्याच दिवशी शाळेत रुजू होतो. परंतु सहकाऱ्यांच्या मनात रुजू होण्यास त्यास कधी कधी वर्ष लागते. तोवर तिसरीत कच्चे राहिलेले वाचन चौथीच्या शिक्षकास कळत नाही, आणि नुकसान मुलाचे होते. म्हणून परिचयाचे खेळ ही केवळ करमणूक न मानता शाळेच्या कामाचाच भाग मानावा.

मुंबई उपनगरातील गोविंदा पथके या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाणे येथे नऊ थर रचून १३.३४ मीटर उंचीचा जागतिक विक्रम नोंदविला. असे बळ एका दिवसात येत नाही. अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. तळाच्या माणसास वरचे काही दिसत नाही. तो हाकेवर व खांद्यावरच्या भारावर विसंबतो. कोणाचा खांदा किती पेलतो हे ठाऊक असणे, हाच तेथील खरा परिचय होय.

शाळेत मात्र थर लावू नयेत. त्यामागील तत्त्व पुढील खेळांतून साधावे.

(१) जोडीची ओळख : दोघांनी पाच मिनिटे बोलावे. कोणता विषय शिकविणे साधते व कोठे मदत हवी, एवढेच विचारावे. नंतर प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची ओळख सर्वांस करून द्यावी. घरगुती गोष्टी विचारू नयेत.

(२) दोरीचा चौकोन : सहा-आठ जणांनी डोळे मिटून, दोरीची टोके बांधून केलेले वेटोळे हाती धरावे व केवळ बोलून त्याचा चौकोन करावा. द्विशिक्षकी शाळांनी हा खेळ केंद्राच्या शिक्षण परिषदेत घ्यावा.

(३) भाराची वाटणी : प्रत्येकाने आपणास जड जाणारे एक काम चिठ्ठीवर लिहावे. ज्यास ते पेलेल त्याने ती चिठ्ठी उचलावी व आठ दिवस साहाय्य करावे.

पहिली चिठ्ठी मुख्याध्यापकांनी लिहावी. वरिष्ठाने अडचण सांगितल्यावाचून नवा शिक्षक आपली सांगत नाही. कोणावरही सक्ती करू नये, कोणाचे हसे करू नये.

थर रचण्याइतकेच ते सुखरूप उतरविणे महत्त्वाचे असते. तद्वत खेळानंतर दहा मिनिटे चर्चा करावी : कोण बोलले, कोणाचे ऐकलेच गेले नाही? आठ दिवसांनी उचललेल्या चिठ्ठ्या पुन्हा वाचाव्यात. काम हलके झाले असेल, तर खेळ सफल झाला असे समजावे.