अंधारात टीव्ही पाहिल्याने डोळे जातात काय?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. यावेळी विषय निराळा आहे. गटातून फिरताना उसाचे बोलणे आटोपले की घरची वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "साहेब, ही पोरं दिवा मालवून टीव्ही बघतात, डोळे जातील की यांचे!" आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण नेत्रतज्ज्ञांचे म्हणणे याबाबत स्पष्ट आहे, ते सांगतो.

अंधारात टीव्ही पाहिल्याने डोळे थकतात, जात नाहीत. खोलीत अंधार असला की डोळ्याची बाहुली मोठी होते. समोरचा पडदा मात्र लखलखीत. चित्र बदलेल तसा उजेड कमीजास्त होतो आणि बाहुलीला सारखे लहानमोठे व्हावे लागते. त्यात एकटक बघताना पापणी लवायचीच राहते. एरवी आपण मिनिटाला १५ वेळा तरी पापणी लववतो, पडद्यासमोर ते प्रमाण निम्म्यावर येते. मग पाण्याची पाळी चुकलेल्या सरीसारखा डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, कपाळ दुखते. झोप झाली की सारे पूर्ववत. उजेडाने डोळा भाजेल म्हणावे, तर भर दुपारच्या उन्हापुढे पडद्याचा उजेड किरकोळ, आणि त्या उन्हात आपण दिवसभर भांगलण करतोच.

टीव्हीची भीती अगदीच उगाच नव्हती. अमेरिकेत १९६७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे उघडकीस आले, आणि १९६८ साली तिथे त्यावर कायदाच झाला. आजच्या चपट्या संचात ती जुनी काचेची नळीच नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

थकवा टाळायचा तर खोलीत एक मंद दिवा ठेवावा, पडद्यावर त्याची तिरीप येऊ नये. दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फुटांपलीकडे नजर टाकावी. रात्रीच्या लाइटीची वाट बघत अंथरुणात मोबाईल चाळणाऱ्यांनाही हेच लागू. मोबाईल तर टीव्हीपेक्षा जवळ, म्हणून ताण अधिक.

आमची काळजी वेगळीच आहे. डोळ्याची कुठलीही तक्रार टीव्हीच्या माथी मारली की खरा आजार मागे राहतो. पोरगं पडद्याला चिकटून बसतं, ते कदाचित त्याला लांबचं दिसत नाही म्हणूनही असेल. त्याला रागावण्यापेक्षा नंबर तपासून घ्यावा. अंधारात बसले असता एकाएकी डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. अंधारात बाहुली मोठी झाल्याने काहींच्या डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होते. अशा वेळी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.

आणि आपल्या धंद्यातला खरा वैरी म्हणजे उसाचे पाते. पाचट काढताना, तोडणीत पाते बुबुळाला ओरखडून जाते. तेव्हा फारसे वाटत नाही. पण त्या ओरखड्यातून बुरशी शिरते आणि काही दिवसांनी डोळा लाल होतो, बुबुळावर पांढरा ठिपका येतो. तोवर पाते विसरलेले असते. "टीव्ही फार बघितला" म्हणून घरी मध नाहीतर दूध घालतात, किंवा दुकानातून कसलेही थेंब आणतात. स्टिरॉईडचे थेंब असले तर बुरशी आणखी फोफावते, आणि अशाने डोळा खरोखरच जातो.

तेव्हा पाचट काढताना साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावावा. पाते लागलेच तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पाते लागल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. बुरशीचे औषध वेगळे असते.