सरोवरातील जहाजबुडी : एक भूगोल-पाठ

लोहगडावरून पवना धरणाचा जलाशय शांत दिसतो. म्हणून तो निर्धोक आहे, असा मुलांचा समज होऊ देऊ नये. इ. स. १६७० मध्ये लोहगड पुन्हा स्वराज्यात आला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १६७९ मध्ये, उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवरातून ‘ग्रिफॉन’ नावाचे लाकडी गलबत केसाळ कातड्यांचा माल घेऊन नायगाराकडे निघाले; ते पोहोचलेच नाही. महाराष्ट्राच्या सुमारे एक-पंचमांश विस्ताराच्या या सरोवरात वादळी वाऱ्याने प्रचंड लाटा उठतात.

शिक्षकांनी परातीतील पाण्यात कागदी होडी सोडून तीत एकेक खडा ठेवावा व पुठ्ठ्याने वारा घालावा. भार वाढताच होडीचा काठ पाण्याजवळ येतो आणि लहान लाटही आत शिरते. पाणी गोडे असो वा खारे, नियम एकच, हे मुलांनी स्वतः पाहून सांगावे.