सुताराची बोटे

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. अशा शिक्षणात हात हाच विद्यार्थ्याचा पहिला गुरू होय. परंतु लाकडाला आकार देणारे हेच हात विजेच्या करवतीपुढे किती असहाय असतात!

गोल करवतीवर फळी चिरली जात असता तिची चीर कधी कधी मिटू लागते व फिरते पाते आवळले जाते. मग फळी उसळून सुतारावर येते. म्हणून पात्यामागे एक पट्टी उभी करण्यात आली. ती चीर मिटू देत नाही. तरीही बोटांचे भय उरलेच.

सुतारकामाची हौस असलेले अमेरिकन पदार्थविज्ञानज्ञ स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये यावर उपाय शोधला. पात्यात क्षीण विद्युत्संकेत खेळविला जातो. कोरडे लाकूड विजेचे दुर्वाहक, तर मानवी देह वाहक. बोटाचा स्पर्श होताच संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात पाते थांबते. बोटावर बहुधा ओरखडाच उमटतो. ठोकळा निकामी होतो, पातेही बहुधा वाया जाते. पण ती नवी आणता येतात, बोट आणता येत नाही.

ज्या यंत्राला कारागिराच्या हाताचे मोल कळते, तेच यंत्र सुधारलेले म्हणावे.