नवी जलवाहिनी आली, टाकी काढू का?

प्रश्न : आमच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत नगरपालिका जलवाहिनी वाढवून हायड्रंट बसवणार आहे. कारखान्यातली आगीसाठीची टाकी काढून तिथे गोदाम करावे का?

उत्तर : मुळीच नको! आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. कोरड्या वाहिनीवरचा हायड्रंट आगीच्या वेळी कुचकामी. टाकी आणि पंप हवेतच. वाहिनी मात्र जरूर मागा, पण व्यास आधी विचारा. १०० ऐवजी १५० मिलिमीटरची वाहिनी तेवढ्याच दाबाला जवळजवळ तिप्पट पाणी वाहते. तिचे टोक बंद न ठेवता दुसऱ्या वाहिनीला जोडायला लावा, म्हणजे एका बाजूला दुरुस्ती निघाली तरी दुसरीकडून पाणी मिळेल. हे अर्जातच लिहा. नंतर त्यासाठी रस्ता पुन्हा कोणी खोदत नाही. पंपाचे म्हणाल तर, महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा पंप तुमच्यासमोर चालवून घ्या.